नायिकेची आई

दादा,

लिस्बनहून तुझ्या क्रांतीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, एवढं आईला सांग. तासगावात यंदा बेदाणा कसा झाला? वहिनीचा गुडघा काय म्हणतो?

मला नवा सिनेमा मिळालाय. ज्याच्या चार सिनेमांत मी नायिका होते, त्याच दिग्दर्शकाचा. आता नायिका दुसरी, विशीतली पोर. मला म्हणाला, "तू तिची आई हो. संवाद नाहीत, पण तुझा चेहराच बोलतो." मी हसून हो म्हणाले. घरी येऊन लय रडले. हे आईला सांगू नकोस.

गावाला लाजून तुम्ही माझा एकही सिनेमा पाहिला नाहीत. हा आईला खुशाल दाखव. यात मी डोक्याला रुमाल बांधून नुसती भांडी घासते.

तुमचीच,
क्रांती