पडद्याची घडी

माय, तू तर विसरभोळी. चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारत बसायचीस. आता मी कोण हेही सांगावं लागेल. तुझी धाकटी, धरणगावची. अक्षर तुझ्या पणतीचं. ती जळगावला शिकते. तिच्या कॉलेजच्या पोरांनी उपग्रह केला, मिठाच्या डब्याएवढा. काम संपलं की त्यातून वर्खासारखा पातळ पडदा उघडायचा, त्यानं डबा हळूहळू खाली ओढला जाऊन जळायचा, म्हणजे वर कचरा राहत नाही. हे जमतं का, एवढंच दाखवायचं होतं.

पण डब्यात भरताना पडदा घडीवर फाटायचा. एकदा ही दमून घरी आली, मी पुरणाचे मांडे करत होते. खापरावरच्या मांड्याची मी कशी घडी घालते ते बघत राहिली. "आजी, हे आमच्याकडे येऊन दाखव." मला कसलं विज्ञान! मला तू दिसतेस, पदर खोचून या लेकीवर ओरडतेस, "दाबू नको, आंडेर, सैल घडी घाल!" आणि पिठाला हात लावण्याआधी, "हात दाखाड!" सगळं विसरायचीस, माझे हात बघायला कधी विसरली नाहीस.

तिथं मला पांढरा झगा, टोपी, हातमोजे चढवले. या वयात पुन्हा नवरी. घडी जमली. डबा वर गेला, तिथून खुणाही पाठवतो, पण पडदा उघडत नाही. महिना झाला, पोरगी कॉम्प्युटरसमोर बसते, जेवणाचा डबा तसाच परत आणते. चूक कुठं झाली ते उद्या सरांना लिहून द्यायचंय. चूक करणारी म्हणून ती स्वतःचं नाव घालणार आहे. तिच्याकडे बघून मीच थकले गं.

म्हणून आता सांगते. तिथं त्या दिवशी ही बाहेर गेली तेव्हा शेवटच्या घडीला मी एक हातमोजा काढला होता. घडी बोटालाच कळते. त्याच हातानं सवयीप्रमाणे टोपीखाली केस चापले. सकाळीच तेल लावलं होतं. पडदा चिकटला असेल तर त्यानंच. तू नव्हतीस ना हात बघायला.

काय गं, पेन का थांबलं?

"आजी, हे पत्र खरंच पणजीला आहे ना?"

लिही मुकाट्यानं. तिचा पत्ता कुठंय माझ्याकडे? हे जायचं नाही कुठं. उद्या तुझ्या त्या कागदाला जोड. भीती वाटत होती, महिनाभर बोलले नाही, तेही लिही. आणि त्या पोरांना पुरणाचे मांडे पाठवायचे, तूप वेगळ्या वाटीत. पीठ मळायच्या आधी मात्र माझे हात तू बघ.