सुधारलेला धडा

रविवार संध्याकाळ, वसई

डोकं नुसतं तापलंय. वेबसाइट बनवायला शिकवणारं आमचं ऑनलाइन मंडळ, त्याच्या बातमीपत्रात आज वाचलं: ‘सर्व मराठी धडे यंत्राने सुधारले आहेत.’ सुधारले? यादी कशी करायची, हा माझा धडा उघडला. मी मासळीचे वाटे मांडून समजावलं होतं: पहिला बोंबलाचा, दुसरा मांदेलीचा, हवा तो उचला. वाटे गायब! तिथे ‘घटकांचे अनुक्रमित संकलन’. खाली नाव मात्र माझंच. घर पाडलं आणि पाटी तेवढी ठेवली!

तेवढ्यात पाचूबंदरच्या शीतलचा फोन. सुकी मासळी विकायला स्वतःची वेबसाइट बनवतेय पोरगी.

“काका, तुमचा धडा डोक्यात शिरत नाय. सोडते मी.”

मंडळाच्या चालकाला फोन लावला, तर म्हणतो, “काका, मनाला लावून घेऊ नका.” मनाला नको तर काय पायाला लावू? माझे वाटे परत मांड म्हटलं, नाहीतर नाव काढ.

मग शीतलला परत फोन करून सांगितलं, “तो धडा माझा नाही गं. उद्या घरी ये, समोर बसून शिकवतो.”

“खरंच? मी दुपारभर स्वतःलाच येडी म्हनत होते, काका.”

धडा बिघडवला ते एक वेळ सोडून देईन. तिची ही दुपार नाही सोडणार.