गाडीतलं मायचं गाणं

माय, काल लातूरच्या बसस्टँडवर एक माणूस कानाला हेडफोन लावून मोठ्यानं, बेसूर गात बसला होता. आपला आवाज बाहेर जातोय हे त्याच्या गावीही नव्हतं. बाकीचे आपापल्या गाडीची वाट बघत होते, कुणाला त्याचं काही नव्हतं. मला मात्र तिथं बसवेना.

आठवली ती आपली गाडी. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आपण भोकरहून रेल्वेनं नांदेडला निघालो होतो. मी तेव्हा नांदेडलाच कॉलेजात होते. मी कानात हेडफोन घालून खिडकीबाहेर बघत होते. तू दोनदा काही बोललीस, मला ऐकू आलं नाही. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालीस, "काय ऐकून राहिलीस? मला बी दे की." मी मुद्दाम एक जुनं गाणं लावलं, कापूस वेचताना तू म्हणायचीस ते, आणि हेडफोन तुझ्या कानात घातले. तू दचकलीस, मग हसलीस. कुणी डोक्यात बसून गातंय जणू, असं म्हणालीस. थोड्या वेळानं तू डोळे मिटलेस आणि गायला लागलीस, रानात म्हणायचीस तसंच, मोकळ्या गळ्यानं. सगळ्या डब्यात तुझा आवाज. दारापाशी माझ्या कॉलेजातल्या दोघी उभ्या होत्या. मी तुझ्या कानातली वायर ओढली आणि म्हणाले, "गप माय. लोक हसून राहिलेत तुला."

तू पदर डोक्यावर ओढून घेतलास. "मला काय ठावं, एवढं मोठ्यानं चाललंय म्हणून," एवढंच बोललीस आणि नांदेड येईपर्यंत पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिलीस.

ऑपरेशन चांगलं झालं. पण त्यानंतर तू रानातही गायली नाहीस. चुलीपुढं कधी गुणगुणायचीस, मी आत आले की थांबायचीस. तुझ्या मायचा घसा बसला का काय, असं बाबांनी एकदा विचारलं, तेव्हा मी भाकरी खात राहिले. तीन वर्षांनी तू गेलीस. माझ्या फोनमध्ये तुझे फोटो आहेत, आवाज एकही नाही.

तुला लिहिलेला हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? पर्समध्येच राहील. पण माय, त्या दिवशी कुणीच हसत नव्हतं. त्या दोघी आपल्या बोलण्यात होत्या. समोरच्या बाकावरची बाई तर उतरताना माझ्या कानाशी म्हणाली, "म्हणू द्यायचं होतं की गं त्यांना." मी ते तुला सांगितलं नाही.