ढवळ्याच्या बटणाचा मान

२० ऑगस्ट, मंगळवार

मला खजिनदार केलं. विचारलं न्हाई — केलं! शाळेत पालकांची मीटिंग होती. विज्ञानाच्या सुहासिनी मॅडम म्हणाल्या, "दैवशालाताई, अंगणवाडीची अकरा रजिस्टरं तुम्ही सांभाळता, आमचं एक पावतीपुस्तक काय जड आहे?" बाकीच्या पालकांनी जल्दी जल्दी टाळ्या वाजवल्या. आपल्या गळ्यातलं दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की माणसं लई खुशीनं टाळ्या वाजवतात.

प्रकरण असं. आमची तृप्ती आणि तिच्या वर्गातल्या पाच पोरी, सगळ्या नववीच्या, यांनी मिळून रोबोट केला. अंगाला पांढरा पत्रा, म्हणून नाव ढवळ्या. चार चाकं आणि पुढं एक हात. जमिनीवरचा डबा उचलतो, नेऊन खोक्यात टाकतो. मी पाहायला गेल्ते तेव्हा डबा सोडून त्यानं मॅडमची चप्पल उचलली. पण उचलली बराबर. ऑक्टोबरात पुण्याला स्पर्धा आहे. फी पंधरा हजार, तीस सप्टेंबरच्या आत. न्हाई भरली तर नाव कटलं. पुढच्या वर्षी पोरी दहावीत, मंग कोण जाऊ देतंय त्यांना रोबोटपाशी? गेलं तर यंदाच.

ढवळ्याच्या मोटारी, बॅटरी, तो हिरवा बोर्ड — सगळं किट जुलैत एका भल्या माणसानं घेऊन दिलं. नाव सांगायचं न्हाई अशी अट. मॅडमला खोदून खोदून विचारलं, बिलकुल सांगत न्हाईत. मला वाटतं, खताच्या दुकानाचे सोमेश्वरशेठ. दुसरं कोण करणार एवढा खर्चा? आता दुकानासमोरून जाताना मी हात जोडते. ते पण जोडतात, जरा गोंधळून.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पावती नंबर एक घरातूनच फाडली. हे जीप पुसत होते. घनसावंगीच्या रोडला आमची काळी-पिवळी चालते. म्हणलं, आकडा सांगा. म्हणाले, "एक्कावन्न लिही."

एक्कावन्न! सख्ख्या पोरीच्या रोबोटला. कुठं ते सोमेश्वरशेठ आणि कुठं आमचं हे ध्यान. पेन दाबून लिहिलं, खालच्या तीन पानांवर उमटलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

चार दिवस गावात फिरले. चपलेचा अंगठा तुटला. लोक चहा पाजतात, पैसे देत न्हाईत. भुजंगराव, गावातले उसाचे सगळ्यात मोठे बागायतदार. त्यांनी विचारलं, "ताई, हा रोबोट ऊस तोडतो का?" म्हणलं, न्हाई. "मंग?" मंगच्या पुढं काही बोलले न्हाईत. एकवीस रुपये दिले.

दुर्गाबाई शेजारी राहतात म्हणून शंभर दिले. जाण्यायेण्यापुरते, जेवणापुरते जमतील. फीचं काय?

१ सप्टेंबर, रविवार

माझा भिशीचा नंबर सव्वीस तारखेला. पंधरा बाया, पंधरा हजार. फ्रीज पाहून ठेवला. लाल.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसला. आज मंडळाचा देवानंद वर्गणीला आल्ता. अकराशे म्हणाला आणि ह्यांनी मुकाट्यानं काढून दिले! ज्या ज्या घरानं मला हात हलवत परत पाठवलं, त्या त्या घरानं दिले.

मी खिचडी ढवळता ढवळता विचार केला. गावाला वर्गणी जड जाते, मान जड जात न्हाई. शेवटच्या दिवशी बाप्पापुढच्या नारळाचा लिलाव होतो. मागच्या वर्षी पंधरा हजाराला गेला म्हणे. मी तेव्हा माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्ते. कोण तो कर्ण, देव जाणे. एवढ्या पैशात मी जन्मभर चटणी वाटली असती.

पळत देवानंदकडं गेले. म्हणलं, नारळानंतर अजून एक लिलाव लाव. ढवळ्याच्या बटणाचा. ज्याची बोली वरची, त्यानं बटण दाबायचं, ढवळ्या बाप्पाला फूल वाहणार, पैसे पोरींना. देवानंद दोन मिनिटं दाढी खाजवत राह्यला. म्हणाला, "वहिनी, आयडिया बराबर आहे."

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन, संध्याकाळी विसर्जन. पाय गळून गेले, पण लिहिल्याशिवाय झोप येणार न्हाई.

आम्ही बाया मारुतीच्या पारावर. लिलाव म्हणजे पुरुषांचा कारभार, मी आजपर्यंत एकदा पण धड पाहिला न्हाई. नारळ गेला अकरा हजाराला. मंग देवानंद माइकवर म्हणाला, "आता आपल्या लेकींचा ढवळ्या!" पहिली बोली दोनशे. लोक हसले. तृप्तीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात सोमेश्वरशेठ उठले, "पाच हजार." मी मनात म्हणलं, माणूस असावा तर असा. भुजंगरावांना काय ते झोंबलं. "सात." "दहा." "बारा." पारावरच्या बाया उभ्या राह्यल्या. भुजंगराव फेटा सावरून म्हणाले, "एकवीस हजार." एक वार, दोन वार, तीन वार!

भुजंगरावांनी बटण दाबलं. ढवळ्या निघाला, सतरंजीच्या काठात चाक अडकलं. तृप्तीनं काठ ओढून धरला. ढवळ्या सुटला, गेला सरळ बाप्पापुढं, हात वर केला आणि जास्वंद पायावर सोडली. "मोरया" असं काही घुमलं की कबुतरं उडाली. भुजंगराव म्हणाले, "एकवीस हजारात एकदाच का?" आणि तीनदा दाबलं.

मी रडले. दुर्गाबाईच्या पदराला नाक पुसलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

पावतीपुस्तक घेऊन सकाळीच भुजंगरावांकडं. त्यांनी चहा मागवला, बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाले, "पैसे पुढच्या गणपतीला."

मला वाटलं, थट्टा करून राह्यले.

"थट्टा न्हाई ताई. रीतच हाय. बोली यंदा, पैसे पुढच्या वर्षी. माझ्या आज्यापासून असंच हाय. लिलावाचे पैसे त्याच साली कोणी दिलेत का? लोक म्हणतील, भुजंगरावला घाई झाली."

सगळ्या पुरुषांना माहीत. मला न्हाई! स्पर्धा महिन्यावर आणि माझे एकवीस हजार एक वर्ष लांब. घरी आले आणि तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच परत निवडले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

डोकं चाललं! यंदाच्या बोलीचे पैसे पुढच्या वर्षी, तर मागच्या वर्षीच्या बोलीचे पैसे यंदा. म्हणजे मागच्या नारळाचे पंधरा हजार मंडळाकडं आत्ता आले असणार. ते आम्हाला द्या, भुजंगरावांचे तुम्ही घ्या. देवानंदला पटलं. पण म्हणाला, बाकी सगळं मंडपात गेलं आणि नारळवाल्यानं अजून दिलेच न्हाईत.

"नाव सांग, मी दारात जाऊन बसते."

"राहू द्या ना वहिनी."

"राहू द्या कसं? पोरींचं नाव कटायला बारा दिवस राह्यले."

त्याला एकदम कुठं तरी जायचं आठवलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस गावात विचारून राह्यले, मागचा नारळ कोणी घेतला. जो तो आभाळाकडं पाहतो. पिठाच्या गिरणीत मी मोठ्यानं म्हणलं, देवापुढं बोली करून पैसे बुडवणाऱ्याला लाज कशी वाटत न्हाई. गिरणीवाला पीठ सांडेपर्यंत खाली पाहत होता.

जेवताना ह्यांना म्हणलं, कोण असेल हो निर्लज्ज? म्हणाले, "असेल कोणी. भाजी वाढ."

२३ सप्टेंबर, सोमवार

देवानंदनं शेवटी वहीच पुढं केली. "वहिनी, तुम्हीच वाचा. मला बोलायला लावू नका."

नारळ. पंधरा हजार. बाकी. नाव — सौ. दैवशाला मच्छिंद्र. पुढं आडनाव. आडनाव पण आमचंच.

चार दिवस गावभर ज्याचा उद्धार करून राह्यले, तो निर्लज्ज माणूस मी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी जीप निघायच्या आत धरलं. "माझ्या नावानं बोली कोणी केली?"

"मी."

"कशाला?"

हे स्टिअरिंगवरची धूळ पुसत राह्यले. "तू अंगणवाडीत मदतनीसची सेविका झाली ना त्या साली. घर सांभाळून बारावी केली. म्हणलं, एकदा माइकवर नाव होऊ दे तुझं."

दुर्गाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, झालं बाई तुझं नाव. मला वाटलं, नोकरीचं म्हणतात.

"मंग मला सांगायचं न्हाई?"

"सांगणारच होतो. तू माहेराहून आली आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडून चटणी केली. आता काय सांगावं?"

आठवलं! देव्हाऱ्यात लाल कपड्यातला नारळ होता. मला वाटलं, साधा प्रसादाचा. नणंद जेवायला आल्ती, घाईत फोडला. पंधरा हजाराची चटणी. ह्यांनी त्या दिवशी दोनदा मागून घेतली होती.

हसू फुटत होतं, दाबलं. खरा सवाल बाकी होता. "पैसे कुठं आहेत?"

"वर्षभर जमवले होते. खर्च झाले."

"कशात?"

"टायर टाकले जीपला."

टायर मला जुनेच दिसले, पण मला टायरातलं काय कळतं? एवढं मात्र ऐकवलं की टायरला हजारो आणि पोरीला एक्कावन्न. हे गाडी चालू करून निघून गेले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

भिशी मिळाली. तशीच पदरात बांधून देवानंदकडं नेली. मागच्या नारळाचे पंधरा हजार दिले, पावती घेतली. मंग त्यानं तेच पंधरा हजार त्याच टेबलावरून माझ्याकडं सरकवले. कागद केला: पुढच्या गणपतीला भुजंगरावांच्या एकवीसमधले पंधरा मंडळाचे, सहा शाळेच्या नव्या पोरींचे.

फ्रीजवाल्याला फोन करून सांगितलं, लाल कोणाला द्यायचा त्याला द्या. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

फी भरली! मॅडमनं मोबाईलवर हिरवी खूण दाखवली. तृप्ती पळत अंगणवाडीत आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. बारकी पोरं खिचडी सोडून पाहायला लागली. मंग ती पण एकेक करून गळ्यात पडली. साडीवर सगळी डाळ.

२० ऑक्टोबर, रविवार

पुणे. काल आमच्याच जीपमध्ये आलो. डिझेल ह्यांचं. सहा पोरी, मॅडम, मी, आणि मांडीवर ढवळ्या. निघताना भुजंगराव आल्ते. मान त्यांचा, मंग पुण्यात बटण कोण दाबणार म्हणे. शेवटी ठरलं, व्हिडिओ कॉलवर ते सांगणार आणि तृप्ती दाबणार.

चाळीस टीम. काहींच्या अंगात एकसारखे भारी टी-शर्ट, पाठीवर कंपन्यांची नावं. आमच्या पोरी शाळेच्या ड्रेसवर, तेल लावून दोन वेण्या. पहिल्या फेरीत ढवळ्याचा हात अर्ध्यात अडकला. एकच डबा. हे वाकून पोरींना म्हणाले, "डावीकडची मोटार गरम व्हायलीय, पाच मिनिटं थांबा." ह्यांना कसं कळलं, विचारायचं राहून गेलं. तृप्तीनं वेणीचा रबर काढून हाताच्या सांध्याला गुंडाळला. दुसरी फेरी. मोबाईलमधून भुजंगराव ओरडले, "दाब!" दहापैकी नऊ डबे!

सहावा नंबर आला. चाळीसात सहावा. पोरी अशा नाचल्या की दुसऱ्या टीमच्या पोरी पण येऊन नाचल्या. हे खुर्चीवर चढून शिट्टी वाजवत होते. लग्नाला सोळा वर्षं झाली, ह्यांना शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हिशेबाची फाइल पुरी करायला मॅडमनं जुनी बिलं दिली. सगळ्यात खाली ढवळ्याच्या किटचं. तारीख एक जुलै. चौदा हजार आठशे. नाव ह्यांचं.

टायर म्हणे. आणि मी दोन महिने सोमेश्वरशेठला नमस्कार घालून राह्यले.

पावतीपुस्तकात खाडाखोड चालत न्हाई, हा नियम माझाच. म्हणून नंबर एकच्या एक्कावन्नला हात लावला न्हाई. शेवटची पावती फाडली. ह्यांचं पूर्ण नाव लिहिलं, चौदा हजार आठशेचा आकडा अक्षरी लिहिला, खाली खजिनदार म्हणून सही केली. हे आंघोळीला गेल्ते तेव्हा जीपच्या आरशाशेजारी चिकटवून आले, काचेवर, तोंड आतल्या बाजूला करून. माझ्याकडं माइक न्हाई. पण घनसावंगीला जाणारा एकेक माणूस वाचणार.