सोमनाथला दाखवायची पेटी

७ नोव्हेंबर १९९८
आली! मधमाश्यांची पेटी गच्चीवर आली. वणीजवळच्या माझ्या सासुरवाडीहून, तिथल्या माश्या पाळणाऱ्या पुंजाने एसटीतून मांडीवर आणली. शेजारचं सीट म्हणे शेवटपर्यंत रिकामं! आठवडाभर झाकण उघडू नका, अशी ताकीद देऊन गेला.

आता बघ म्हणावं मेहुण्याला! "दाजी, तुमच्या हातून कुंडीतला मोगरा जगत नाही." असं बोलला सोमनाथ, गणपतीत, चारचौघांत! तेव्हाच फाटलं. भाऊबिजेला उज्वलाला माहेरी जाऊ दिलं नाही मी. ती काही बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलं असणार.

८ नोव्हेंबर
पेटीसमोर अकरा मेलेल्या. मुंग्या! चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्यात, मुंग्या काय चीज आहेत!

९ नोव्हेंबर
मुंगी एक नाही. वाट्यांत सतरा माश्या बुडालेल्या.

१० नोव्हेंबर
वाट्यांत काड्या टाकल्या. बुडणं थांबलं, मरणं नाही. वर जुलाब! शेजारच्या वत्सलाबाईंच्या पांढऱ्या चादरीवर पिवळे ठिपके. "तुमच्या माश्यांना लंगोट बांधा," म्हणाल्या. मला तर त्यांच्या फिनेलचाच संशय येतोय. पाळत ठेवणार.

१२ नोव्हेंबर
टाकीमागे दोन तास दबा धरून बसलो. फिनेल नाही, काही नाही. मानेवर माशी चावली — माझीच! मान भोपळ्याएवढी. उज्वला पोट धरून हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

१३ नोव्हेंबर
निम्म्याच उरल्यात. रडू यायचं बाकी आहे. सोमनाथला कळलं तर?

पुंजा बाजाराला आला होता, त्याला ओढून वर नेलं. त्याने झाकण काढलं. आत वाटी! बोट बुडवून चाटलं. "गूळ कोन देतं यांना? गुळानं पोट सुटतं नि मरत्यात. साखरंचं पानी द्यायचं!"

घरात माणसं दोन. मी दिलेला नाही.

१४ नोव्हेंबर
उज्वलाला विचारलं. खाली बघत म्हणाली, "माझ्या माहेराहून यंदा एवढ्याच आल्या. दारात आलेल्याला गूळपाणी नको द्यायला?"

साखरेचं पाणी ठेवलंय. उद्या वणीची पहिली एसटी — आम्ही दोघं. सोमनाथला सांगायचं, मोगऱ्याचं तुझं बरोबर होतं.