दिवाणखान्यातली विरहिणी

५ नोव्हेंबर १९५७
संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. गिरगावात सगळं बंद, संग्रहालयात चिटपाखरू नाही. दुपारी एकच बाई आली — नायगावच्या चाळीतली अंबिकाबाई. 'विरहिणी' या चित्रासमोर थबकली.
"ही माझी आजी! राधा!"
मी हसलो. तेहतीस वर्षांपूर्वी या बंगल्याचं संग्रहालय झालं, तेव्हा मी शाळेत मास्तर; शाळा सुटल्यावर येऊन पाट्या मीच लिहिल्या. या चित्राचं नावही मीच ठेवलं. खांबाला टेकलेली, दूर बघणारी ती — वर्गात शिकवलेल्या विरहाच्या साऱ्या कविता आठवल्या होत्या!
"वाट कुणाची बघतेय, बाबा! चित्रवाल्यानं दुपारभर उभी केली, पाय भरून आले तिचे. हातात खराटा होता, सांगायची."
खराटा कुठे आहे? दाखवा म्हटलं.
"चौकट काढा न् बघा."

६ नोव्हेंबर
चौकट काढली नाही. दिवसभर नुसता बघत बसलो.

८ नोव्हेंबर
गुणाजी सुताराला बोलावलं. चौकटीखाली दोन बोटं चित्र दबलेलं. मुठीतून खाली उतरलेल्या काड्या — खराटाच!
गुणाजी म्हणतो, "मास्तर, तुमची विरहिणी तर कामावर हाय!"

११ नोव्हेंबर
कमलाकांतांना सांगितलं. ही चित्रं त्यांच्या आजोबांनी जमवलेली, ट्रस्टही त्यांचाच. "आजोबांच्या दिवाणखान्यात झाडूवाली? छे! जुनी पाटी राहू द्या. तुमचं अक्षर काय सुरेख आहे!"
बरं म्हणालो. अक्षराची स्तुती ऐकली की मी असा विरघळतो.

१४ नोव्हेंबर
अंबिकाबाई आल्या. कमलाकांतांचा नकार सांगितला. भांडल्या नाहीत.
"खराटा झाका हवा तर. नाव तेवढं लिवा. तिचा दुसरा फोटो नाय आमच्याकडं. गेल्या साली बौद्ध झालो, घरातले देव काढले. आजी कशी काढू?"
मग, जाता जाता — "तिचं नाव हितं कुणालाच ठाऊक नव्हतं?"
"नाही," म्हणालो.

१५ नोव्हेंबर
कमलाकांतांना न विचारता पाटी बदलली. 'राधा. या बंगल्याचं अंगण झाडत असे.'
काल खोटं बोललो. 'विरहिणी'ची पाटी लिहिताना बंगल्यातल्या म्हाताऱ्या नोकराने मला सांगितलं होतं — राधा नाव तिचं, हाक मारू का? बाहेर अंगणातच आहे.
नको म्हणालो मी. पाटी ओली होती.