रेड पेटीकोट ग्लीसनच्या तबेल्यात जाईल

मी, कॉर्नेलियस टूही, ज्याला सगळे कॉन म्हणतात, राहणार नॉकरोव, काउंटी टिपेररी, वय सहासष्ट, धंदा शर्यतीचे घोडे तयार करण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसांनी हात टेकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ज्यात शेजारी मॅलकी ग्लीसन याला दीड पान शिव्या आहेत ते.

कलम १. घर, मागचे कुरण आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ग्रॉन्या हिला मिळावी. स्वयंपाकघराची एक खिडकी मी विटांनी बुजवली आहे. ती उघडायची तर तिने खुशाल उघडावी. मला तिथून ग्लीसनचा तबेला दिसे आणि चहा गोड लागत नसे.

कलम २. माझे जुने खोगीर ग्रॉन्याच्या मुलीला, ऊनाला द्यावे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नवख्या जॉकींची अडथळ्यांची शर्यत होते. सरस घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना एका पातळीवर आणतात, आणि ज्याच्या नावावर फार विजय नाहीत अशालाच त्यात उतरता येते. बहात्तर साली याच खोगिरावर बसून मी पहिला आलो. वडील आणि गावकरी इतके हरखले, की मला घोड्यावरून उचलून खांद्यावर घेऊन थेट बिअरच्या तंबूत गेले. शर्यतीनंतर जॉकीने खोगिरासकट काट्यावर उभे राहून वजन द्यावे लागते. खोगीर घोड्यावर राहिले आणि मी तंबूत. नियमाप्रमाणे मी बाद झालो, आणि दुसरा आलेला मॅलकी पहिला ठरला. वसंतात माझा पाय मोडला. पुन्हा शर्यतीत उतरलो नाही.

तो चषक मॅलकीच्या पुढच्या खोलीत आहे. मला त्याच्या चषकाचा हेवा वाटला, त्याच्या घोड्यांचा, गिऱ्हाइकांचा, आणि खरे सांगायचे तर केसांचाही. या वयात इतके केस कोणाला असतात?

कलम ३. माझी घोडी रेड पेटीकोट ऊनाच्या मालकीची होईल. आता अवघड भाग. ऊना वर्षभर सकाळी ग्लीसनकडे घोडे फिरवायला जाते. मी जाब विचारला.

"आजोबा, तुम्ही नुसते ओरडता. मॅलकीआजोबा थांबून दाखवतात."

"आजोबा? तो?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. शेजारी आहे तो."

त्या दिवशी मी जेवलो नाही. चषक नेला होता, तो एक वेळ चालला. नात नेली हे सहन होईना.

गेल्या महिन्यात मॅलकी स्वतः आला, अंडी घेऊन. खाटेशी बसून म्हणाला, "कॉन, तुला तंबूकडे नेताना मी पाहिलं होतं. खोगीर घोड्यावरच होतं. हाक अगदी ओठांवर आली होती रे. मारली नाही."

"आत्ता कशाला सांगतोस?"

"तू गेल्यावर कुणाला सांगू?"

ही कबुली त्याच्या तोंडून ऐकायला मी जन्म घालवला, आणि ऐकली तेव्हा नेमका खोकला आला. पाणीही त्यानेच पाजले. त्याचाही राग आला.

पण ऊनाला या शर्यतीत उतरायला हे शेवटचे वर्ष आहे. आणखी एखाददुसरा विजय मिळाला की ती नवखी उरणार नाही. घोडीवर वजनही यंदाच हलके आहे. नाताळपर्यंत तिला तयार करणे माझ्याच्याने होणार नाही, आणि मॅलकीएवढे ते कोणाला जमत नाही. म्हणून घोडी शर्यतीपर्यंत त्याच्या तबेल्यात ठेवावी. कार्यक्रमपत्रिकेत तयार करणारा म्हणून त्याचे नाव छापले जाईल. हे मी दात आवळून लिहीत आहे.

कलम ४. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील श्रीमती हॉरिगन करतील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, असे त्यांनी समजावले. मी म्हटले, "मग मॅलकीलाच बोलवा साक्षीला."

कलम ५. ऊना जिंकली तर तिला कोणीही खांद्यावर घेऊ नये, तिच्या आईनेसुद्धा. मॅलकीने वजनाच्या खोलीच्या दारात उभे राहावे आणि तिला नावाने हाक मारून काट्यावर बोलवावे. मोठ्याने मारावी, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. बहात्तर साली मारली नाही ती हीच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

कॉर्नेलियस टूही

साक्षीदार:
१. मॅलकी ग्लीसन, घोडे तयार करणारा, नॉकरोव. (वाचले. हाक मारीन.)
२. डर्मट क्विर्क, पोस्टमन, नॉकरोव

नॉकरोव, ९ नोव्हेंबर २०१८